हरितकण आणि शेजाऱ्याचे शेत

परसातली गुलबक्षी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या एका वाणाच्या पानांवर पांढरे पट्टे असतात. एखादी फांदी सबंध पांढरी, एखादी सबंध हिरवी. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ साली दाखविले, की पराग कोणत्याही फांदीचा असो, रोपाचा रंग ठरतो तो बी ज्या फांदीवर धरले तिच्यावरून! पांढऱ्या फांदीची रोपे पांढरीच निपजत, आणि बिचारी लवकर मरत.

याचे मूळ पानातील हरितकणांत आहे. त्यांचे स्वतःचे निराळे जनुक असतात आणि बहुतेक पिकांत ते आईकडूनच येतात.

आता शेतीचा प्रश्न पाहा. पिकात परका जनुक घातला, तर तो परागाबरोबर शेजाऱ्याच्या शेतात जाईल ही भीती खोटी नव्हे. वारा काही बांध ओळखत नाही. पण तोच जनुक हरितकणात बसविला तर?

हे कसे करावयाचे? धातूच्या सूक्ष्म कणांवर जनुक माखून ते चक्क बंदुकीने पानावर मारतात. १९८८ साली हे एका एकपेशीय शेवाळात साधले, १९९० साली तंबाखूत. पानाच्या एका पेशीत शंभरापर्यंत हरितकण, प्रत्येकात जनुकसंचाच्या अनेक प्रती. त्यामुळे उत्पन्नही भरपूर. २००० साली तंबाखूच्या पानांतून मानवी वाढीचे संप्रेरक अशाच रीतीने मिळविले गेले.

तरी कुंपण अभेद्य नाही. तंबाखूतही क्वचित परागातून हरितकण निसटतात, आणि सांडलेले बी तर सर्व वारसा घेऊनच उगवते. शिवाय भात-गव्हात ही विद्या तंबाखूइतकी सहज अजून साधलेली नाही.