मोरपिसांच्या टोपाखाली

गोंडांच्या घुसाडी नाचात बघणाऱ्याची नजर आधी मोरपिसांच्या टोपावर जाते आणि शिकणाऱ्याला धास्ती असते तीही त्याच टोपाची. शेकडो पिसं, आरसे, काही टोपांना शिंगंसुद्धा. आदिलाबाद जिल्ह्यात उटनूरजवळच्या एका गोंड गुड्यात, म्हणजे वस्तीत, दिवाळीआधीची तालीम चालली होती. एका पोराचा हात टोप सावरायला सारखा वर जात होता. हात वर गेला की दुसऱ्या हातातली काठी वेळेवर टेकेना, काठी चुकली की पाय ढोलाच्या मागे पडत. भीती एकच, पण ठेका पार विस्कटलेला.

शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी ढोल थांबवला, टोप मात्र उतरवू दिला नाही. गोंडीत दोन शब्द सुनावून त्यांनी पोराला नुसतं चालायला लावलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मान आवळून टोप सांभाळत नसतात. गुडघा सैल पाहिजे." पोराचे गुडघे वाकले, तळवा अख्खा टेकू लागला, तसा धक्का खालीच जिरू लागला आणि मान आपोआप स्थिरावली. मग कमरेच्या घंटा कानावर येऊ लागल्या. आधी त्यांचा नुसता खणखणाट होता. आता प्रत्येक पावलाला एकच ठोका पडत होता. पाय पाहायची गरजच उरली नाही.

भीती एकीकडे आणि ताण दुसरीकडे, हे दूरच्या नाचांतही दिसतं. आयर्लंडच्या नाचात धड ताठ, हात अंगालगत आणि सगळी करामत पायांची. तिथेही नवख्याचे पाय अडखळले की खांदे वर चढतात, मुठी आवळल्या जातात. धास्ती पायांची असते आणि ताण वर दिसतो.

टोपाची धास्ती अशी जाते, पण नवख्याच्या लाजेचं काय? अंगाला राख, बकऱ्याचं कातडं, खोटी दाढी, गळ्यात माळा. एवढा साज चढला की शाळेतला पोरगा ओळखू येत नाही. त्याच्या अंगी देवाचा वास आहे, अशी श्रद्धा असते. दिवाळीतल्या दंडारी उत्सवाचे दिवस संपेपर्यंत तो अंघोळ करत नाही. या मानामुळे निम्मी भीड जाते, उरलेली रिंगणात. नवख्याला दोन जाणत्यांच्या मध्ये उभं करतात. चुकला तरी शेजाऱ्याच्या घंटांवरून त्याला ठेका परत सापडतो.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मर्लावाईच्या कनक राजूंनी आयुष्यभर पोरांना हा नाच शिकवला. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2024 मध्ये ते गेले. सरकारी कार्यक्रमांमुळे घुसाडी आता दूरच्या रंगमंचांवर पोचला, याचा आनंद आहेच. पण तिथे बघ्यांकडे तोंड करून रांगेत नाचावं लागतं आणि नवखा उघडा पडतो. माझ्या मते शिकणाऱ्यांना आधी दोन-तीन दिवाळ्या गुड्यातल्या रिंगणात नाचू द्यावं, मंचावर मग न्यावं. त्या दिवशी त्या पोराला जमलं ते रिंगणातच. तिसऱ्या फेरीला त्याचा हात टोपाकडे गेला नाही, तसं बाबांनी ढोलवाल्याला लय वाढवायला सांगितलं.