चार हातांचा कंदील

बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील एकट्याने बांधून बघावा. दोन कामट्या कोपऱ्यात एकमेकींवर दाबून धरायच्या, त्या घसरू द्यायच्या नाहीत आणि त्याच वेळी फुलीचे तीन-चार वेढे देऊन दोरा आवळायचा. इथे तिसरा हात लागतोच, चौथा असला तर काम सुखाचं होतं. वाड्यात आणि चाळीत कंदील घोळक्याने झाले, त्यात हौसेइतकीच ही अडचणही होती. पनवेलमध्ये आता घोळका जमणं कठीण. खारघर, कामोठे, कळंबोलीच्या इमारतींतून सकाळी नवरा-बायको दोघंही बाहेर पडतात. पनवेलहून हार्बर लोकलने सीएसएमटी गाठायची तर एका बाजूचाच सव्वा तासाहून अधिक वेळ जातो. हाती उरतो रविवार, आणि तो मॉल, सिनेमा नाहीतर हॉटेलच्या टेबलावर खर्ची पडतो. त्यातली एक संध्याकाळ दोघांनी मिळून कंदील बांधण्यात घालवावी, ती अधिक चांगली ‘डेट’ ठरेल, असं माझं म्हणणं आहे.

हॉटेलात दोघं समोरासमोर बसतात आणि बोलणं हेच काम होऊन बसतं. आठवडाभर दमलेल्या माणसांना ते जड जातं, मग मोबाइल बाहेर येतात. कागद कापताना नजर कागदावर असते आणि बोलणं आपसूक बाजूने चालू राहतं. आर्थर ॲरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जोडप्यांची मनगटं आणि घोटे एकमेकांना बांधून, मध्ये उशी धरून, त्यांना गाद्यांवरून रांगायला लावलं होतं. इतरांना साधं, कंटाळवाणं काम दिलं. खेळ सात मिनिटांचाच. पण रांगलेल्या जोडप्यांनी नंतर आपल्या नात्याबद्दल अधिक समाधान नोंदवलं. सात मिनिटांवरून आयुष्यभराचं काही सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी एक धागा हाती लागतो: नवखं आणि थोडं अवघड काम जोडीने केलं की माणसं एकमेकांकडे जरा ताज्या नजरेने बघतात.

काम पुरं होणं मात्र महत्त्वाचं. नॉर्टन, मोचोन आणि एरिएली या संशोधकांनी २०१२ साली मांडलेल्या ‘आयकिया परिणामा’त, स्वतः घडवलेल्या ओबडधोबड वस्तूला माणसं भरपूर मोल देतात असं दिसलं; पण वस्तू अर्धवट राहिली किंवा मोडून टाकली की ते मोलही गेलं. म्हणून पहिल्याच रविवारी अख्ख्या भिंतीवर वारली चित्र काढायला घेऊ नये. कंदील बेताचा असतो. गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, पतंगी कागद सांगाड्यावर चिकटवायचा. ओला कागद सैल पडतो, सुरकुततो, आणि इथेच घरोघरी वाद होतो: एकाला तो ओढून ताठ करायचा असतो. ओढला की फाटतो. तसाच ठेवला तर सकाळपर्यंत वाळून बराचसा आपोआप ताणला जातो. झिरमिळ्या कापणं हे त्यातलं सर्वांत कंटाळवाणं काम. ते वाटून घ्यावं.

यावर एक आक्षेप चटकन येईल. फराळ तिने करायचा, रांगोळी तिने काढायची, वर आता कंदीलही? शेवटी पसारा कोण आवरणार? आक्षेप रास्त आहे, आणि ‘मदत करतो’ म्हणणाऱ्या नवऱ्याने तो अनेकदा खराही करून दाखवलेला असतो. दोघांपैकी कुणालाच न येणारं काम निवडणं हा त्यावरचा एक उपाय. नाहीतर ज्याला येतं त्याने फक्त धरावं आणि बांधावं दुसऱ्याने. आवरणं हा कामाचाच भाग. ते वगळलं तर ती डेट एकाचीच झाली.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. हातमागावर नवरा आणि कांड्या भरायला बायको, चाकावर कुंभार आणि माती मळायला कुंभारीण, ही जोडकामं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालली. पनवेलहून तासाभरावर असलेल्या पेण-हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांत आजही कुटुंबंच्या कुटुंबं हंगामात राबतात. त्याला कुणी डेट म्हटलं नाही. खरंच आहे, आणि त्यामुळे माझं म्हणणं थोडं आवरतं घ्यावं लागतं. नुसत्या हातकामाने जवळीक येत नाही. डोक्यावर ऑर्डर नसेल, बिघडलं तरी पोटाला चिमटा बसणार नसेल, तरच त्यात खेळ उरतो. ही चैन आहे, पण हॉटेलच्या बिलापेक्षा स्वस्त. आणि दुसऱ्याचं कसब किती महाग असायला हवं, तेही या चैनीमुळे कळतं. मुंबई-गोवा रस्त्यावर तारा गावी युसूफ मेहेरअली सेंटरच्या आवारात कुंभारकाम चालतं. तिथली पणती हातात घेतल्यावर भाव करावासा वाटेनासा होतो.

बाजारात तयार कंदील स्वस्त मिळतात आणि दिसतातही छान, त्यामुळे पैसे वाचवायला हा खटाटोप कुणी करू नये. करायचाच तर वसुबारसेच्या आधीचे दोन रविवार धरावेत, एक सांगाड्याला आणि एक कागदाला. आत एलईडीचा दिवा लावावा. पूर्वीच्या पिवळ्या बल्बच्या उष्णतेने पतंगी कागद आधी फिका पडे आणि मग ठिसूळ होई.