तिरंगी मांजर, निळे डोळे आणि रायपूरचं ऊन

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांत मांजर कधी विकत आणावी लागली नाही. ती आपणहून यायची आणि राहायची. आता शंकरनगरच्या फ्लॅटांत 'पर्शियन' आणि 'सयामी' पिल्लं पैसे मोजून येतात, आणि रंगाप्रमाणे भाव चढतो. तीन रंग म्हणजे दुर्मीळ जात, निळे डोळे म्हणजे अस्सल विलायती, अंगावर ठिपके म्हणजे बिबट्याचा वंश. विकणारा सांगतो, घेणारा मान डोलावतो. रंगावरून जात ठरवणं बहुतेक वेळा चूक असतं. स्वभाव आणि नशीब ठरवणं तर त्याहून.

'तिरंगी मांजर ही वेगळी जात आहे'

नाही. काळा, केशरी आणि पांढरा हे रंग गल्लीतल्या कुठल्याही मांजरीत एकत्र येऊ शकतात. केशरी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. भाटीकडे दोन एक्स असतात. एकावर केशरी आणि दुसऱ्यावर काळा आला, तर ती गर्भात असतानाच तिची प्रत्येक पेशी दोनांपैकी एक एक्स बंद करते, आणि त्या पेशीची पुढची सगळी प्रजा तोच एक्स बंद ठेवते. म्हणून अंगावर काळी-केशरी ठिगळं दिसतात. पांढरा भाग वेगळ्या जनुकाचा. एक्स बंद होण्याची ही कल्पना मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या रंगावरून मांडली होती. केशरी रंगाचं नेमकं जनुक मात्र फार उशिरा हाती लागलं. २०२५ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या हिरोयुकी सासाकी यांच्या गटाने आणि अमेरिकेत स्टॅनफर्डच्या गटाने एकाच सुमारास दाखवून दिलं, की एक्सवरच्या 'एआरएचजीएपी ३६' या जनुकाजवळचा सुमारे पाच हजार अक्षरांचा तुकडा गळला की मांजर केशरी होते.

बोक्याकडे एक्स एकच. त्यामुळे तिरंगी मांजरांत बोका हजारोंत एखादाच, साधारण ३,००० मागे एक असं सांगतात. त्याच्याकडे बहुधा एक एक्स जास्तीचा असतो आणि तो सहसा वंध्य असतो. तेव्हा 'तिरंगी बोका घ्या, जोडी लावा, पिल्लं विका' असं कुणी सांगू लागलं तर खिसा सांभाळावा. जपानी खलाशी अशा बोक्याला शुभ मानत. १९५६ साली निघालेल्या पहिल्या जपानी अंटार्क्टिक संशोधन मोहिमेत ताकेशी नावाचा तिरंगी बोका होता, आणि तो सुखरूप परतलाही. शकुनाचा पुरावा म्हणून मात्र हे कामाचं नाही.

ठिगळांची मांडणी वंशातून जशीच्या तशी उतरत नाही, हेही पुष्कळांना पटत नाही. टेक्सासमध्ये डिसेंबर २००१ मध्ये जगातली पहिली क्लोन मांजर, सीसी, जन्मली. जिच्या पेशीपासून ती केली ती रेनबो तिरंगी होती. ही सीसी निघाली करडी-पांढरी, केशरीचा लवलेश नाही.

'सयामीचा रंग काळवंडला, म्हणजे आजार आहे'

रायपूरकरांनी हे नीट समजून घ्यावं, कारण इथे मे महिन्यात पारा सहज ४२-४३ अंशांवर जातो आणि डिसेंबरच्या पहाटे शाल लागते. सयामी मांजरीत काळा रंग बनवणारं विकर उष्णतेला टिकत नाही. धडाची त्वचा गरम, तिथे ते निकामी होतं. कान, नाक, पंजे, शेपूट ही टोकं थंड, तिथे ते चालतं. म्हणून मुखवटा घातल्यासारखं तोंड. आईच्या पोटातल्या उबेत वाढलेली पिल्लं जन्मतः पांढरीच असतात. मॉस्कोत इलीन दांपत्याने सयामी मांजरांचे केस भादरून त्यांना थंडीत ठेवलं, तर नवे केस गडद आले. हे १९३० साली प्रसिद्ध झालं.

नसबंदीसाठी कुशीवरचे केस काढतात, आणि थंडीत तिथे काळा चौकोन उगवतो. मालक घाबरून टाके पुन्हा दाखवायला धावतात. पुढच्या केसगळतीत तो डाग बहुधा आपोआप जातो. जाता जाता, 'हिमालयन' मांजरीचा हिमालयाशी संबंध नाही. पर्शियन आणि सयामीच्या संकरातून ती परदेशात घडवली.

'पांढरी मांजर, निळे डोळे, म्हणजे बहिरी'

अर्धसत्य. पूर्ण पांढऱ्या आणि दोन्ही डोळे निळे असलेल्या मांजरींत बहिरेपण खरोखर खूप आढळतं, जुन्या पाहण्यांत ६५ ते ८५ टक्के. एकच डोळा निळा असेल तर सुमारे ४०, आणि डोळे दुसऱ्या रंगाचे असतील तर वीसच्या आसपास. कारण रंगपेशी आतल्या कानालाही लागतात. सयामीचे निळे डोळे मात्र वेगळ्या जनुकाचे, तिला छान ऐकू येतं. टाळी वाजवून केलेली परीक्षा खोटी ठरू शकते. मांजर हवेचा झोत आणि जमिनीची थरथर ओळखते. पांढऱ्या कानांना खरा धोका उन्हाचा असतो. त्यावरच्या खपल्या भरत नसतील तर पशुवैद्य गाठावा, तिथे कर्करोग होतो.

काही समज चटकन निकालात निघतात. केशरी मांजरीच्या नाकाओठांवर काळे ठिपके येतात ते बहुधा वयाचे, निरुपद्रवी. काळी मांजर तांबूस दिसू लागली तर ऊन हे एक कारण. आहारात टायरोसिन कमी असणं हे दुसरं. एका वेतात चार रंग दिसले तर त्यात नवल नाही, एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. तिरंगी मांजर तापट असते, याला आधार फक्त मालकांनी भरलेल्या एका अमेरिकी प्रश्नावलीचा, आणि मालक आपल्या मांजरीबद्दल काय सांगतील याचा नेम नाही.

'शेतात ठिपक्यांचं दुर्मीळ पिल्लू सापडलं'

हा समज मात्र महागात पडतो. बाजारात मिळणारी ठिपकेवाली 'बेंगॉल' ही अमेरिकेत संकरातून तयार झाली. शेताच्या बांधावर सापडलेलं ठिपक्यांचं पिल्लू तिचं नसतं. मध्य भारतात तांबूस ठिपक्यांचं रानमांजर आहे, मोठं झालं तरी जेमतेम दीड किलोचं. वाघाटी, म्हणजे लेपर्ड कॅट, हीही आहे. दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्वोच्च संरक्षण आहे, त्यांना घरी ठेवणं गुन्हा आहे. धान कापताना सापडलेल्या पिल्लाची आई बहुधा जवळच असते. पिल्लू जिथे आहे तिथे राहू द्यावं, माणसं दूर करावीत आणि वनखात्याला कळवावं.