ॲलन टफ: न दिसणाऱ्या शिकण्याचा हिशेब

'प्रौढ शिक्षण' हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? रात्रीचा वर्ग, फळा, पाटी, अंगठ्याऐवजी सही करायला शिकलेली आजी. चित्र खोटं नाही. पण त्यात आपण एक गोष्ट न बोलता धरून चालतो, ती म्हणजे मोठी माणसं शिकतात ती कुणी शिकवायला आलं तरच. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे त्या ॲलन टफ यांनी हे गृहीत चक्क माणसांना विचारून तपासलं. टफ कॅनडाचे. जन्म 1936 चा, निधन 2012 मध्ये. जवळजवळ सगळी कारकीर्द टोरंटोच्या ओंटारिओ शिक्षणशास्त्र संस्थेत गेली.

सुरुवात शिकागोपासून करायला हवी. तिथल्या विद्यापीठात सिरिल हूल नावाचे प्राध्यापक होते. प्रौढ शिक्षणाचे अभ्यासक त्या काळी मुख्यतः वर्गाची चिंता करायचे: वर्गाला कोण येतं, मध्येच का सोडतं, हजेरी कशी वाढवायची. हूल यांनी वेगळं केलं. सतत काही ना काही शिकत राहणारी 22 माणसं गाठून त्यांच्याशी निवांत गप्पा मारल्या. त्यावरचं छोटंसं पुस्तक 1961 मध्ये आलं. कुणी ठरावीक उद्दिष्टासाठी शिकतं, कुणी चार माणसांच्या सहवासासाठी, तर कुणी निव्वळ शिकण्याच्या ओढीने, असे तीन कल त्यांनी दाखवले. माल्कम नोल्स हे या क्षेत्रातलं सर्वांत गाजलेलं नाव. तेही हूल यांचेच विद्यार्थी, आणि टफही. माझ्या मते नोल्स यांची कीर्ती जास्त, पण पुराव्याचं काम टफ यांचं जास्त.

तर टफ यांनी डॉक्टरेटसाठी प्रश्न घेतला तो असा. शिक्षक नेमकं करतो काय? काय शिकायचं ते ठरवतो, पुस्तकं सुचवतो, वेळ आखून देतो, कुठे अडलं ते ओळखतो, कंटाळा आला तर धीर देतो. आता शिक्षक नाहीच असं समजा. मग ही कामं कोण करतं? त्यांनी या कामांची यादीच केली आणि एकेक काम घेऊन शिकणाऱ्यांना विचारलं. उत्तर दुहेरी निघालं. बरीचशी कामं शिकणारा स्वतःच करतो, आणि बऱ्यापैकी करतो. पण तो एकटा मात्र नसतो! बायको, नवरा, शेजारी, दुकानदार, ऑफिसातला जाणकार, अशा किती तरी लोकांना तो विचारत असतो. 'स्वयंशिक्षण' म्हटलं की आपण खोलीचं दार लावून पुस्तकात डोकं घातलेला माणूस कल्पितो. टफ यांच्या मुलाखतींत तसा माणूस सापडत नाही.

1966 मध्ये डॉक्टरेट झाली आणि 1970 मध्ये मोठा अभ्यास झाला. 66 माणसांच्या सविस्तर मुलाखती. कारखान्यातले कामगार, कारकुनी करणारी माणसं, नवे प्राथमिक शिक्षक, नगरपालिकांतले राजकारणी, प्राध्यापक, लहान मुलं असलेल्या आया. मोजायचं काय, हे आधी पक्कं करावं लागलं. टफ त्याला 'लर्निंग प्रोजेक्ट' म्हणतात, आपण शिकण्याचा उपक्रम म्हणू. अट अशी की, एखादं ज्ञान किंवा कौशल्य मिळवावं आणि ते टिकावं, हाच निम्म्याहून अधिक हेतू हवा, आणि सगळे मिळून किमान सात तास त्यावर गेलेले हवेत. म्हणजे साधारण कामाचा एक दिवस. रेडिओ लावलेला असताना काही कानावर पडलं, ते धरायचं नाही.

आता गंमत बघा. 'गेल्या वर्षात तुम्ही काय शिकलात?' असं विचारलं की माणूस म्हणतो, 'छे, मी कुठला शिकतोय?' फार तर एखादी गोष्ट आठवते. कारण 'शिकणं' म्हटलं की मनात शाळाच येते. म्हणून मुलाखत घेणारे घाई करत नसत. लोक काय काय शिकतात त्याची यादी समोर ठेवत: घराची डागडुजी, मूल वाढवणं, आजारपण, बाग, नवं काम, धर्म, खेळ. यादीवरून बोट फिरू लागलं की माणूस थबकतो. 'अरे हो, वडिलांना मधुमेह निघाला तेव्हा मी महिनाभर तेच वाचत होतो.' माणसं स्वतःचीच यादी बघून चकित व्हायची. मला वाटतं, टफ यांची खरी कामगिरी ही विचारण्याची रीत आहे. आकडे त्यानंतरचे.

ते आकडेही सांगतो. माणशी वर्षाला सरासरी आठ उपक्रम आणि सुमारे 700 तास. म्हणजे रोजचे जवळपास दोन तास. परीक्षा किंवा प्रमाणपत्रासाठी केलेलं शिकणं त्यात अगदीच थोडं. 1971 मध्ये हे सगळं पुस्तकरूपाने आलं. मग इतर देशांतही तशा पाहण्या झाल्या, आणि 1978 च्या सुमारास टफ यांनी त्यांचा गोषवारा मांडला: पाच उपक्रमांपैकी सुमारे एकाचीच आखणी व्यावसायिक शिक्षक करतो, उरलेल्या चारांची आखणी शिकणारा स्वतः किंवा त्याची माणसं. त्यांनी हिमनगाची उपमा वापरली. वर्ग आणि अभ्यासक्रम हे पाण्यावर दिसणारं टोक.

यात दुखरी जागा कुठे आहे? पैशात. सरकार, विद्यापीठं, ग्रंथालयं खर्च करतात तो बहुतेक या टोकावर. वर्गाला न येणाऱ्या माणसाला 'शिकण्याची इच्छा नाही' असा शिक्का मारून मोकळं होतात. पॅट्रिक पेनलंड यांनी 1977 च्या सुमारास अमेरिकाभर पाहणी केली. लोक स्वतः का शिकतात, तर मुख्य कारणं निघाली आपला वेग आणि आपली मांडणी आपल्या हाती राहावी ही. पैसे नाहीत, जायला वाहन नाही, ही कारणं यादीत तळाला होती.

हे सगळं निर्विवाद आहे असं मात्र समजू नका. 1980 च्या दशकात स्टीफन ब्रुकफील्ड यांनी नेमकं बोट ठेवलं. अशा पाहण्यांत सुशिक्षित मध्यमवर्गच फार भरलाय, आणि तास मोजून शिकण्याचा दर्जा कळत नाही. शिवाय यादी पुढे केली की माणूस हो म्हणण्याकडे झुकतो, हाही धोका आहेच. मला पहिला आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो. ज्याला रोज दोन तास मोकळे मिळतात आणि विचारायला जाणकार माणसं ओळखीची असतात, त्याचं स्वयंशिक्षण निराळं. दोन्ही नसलेल्याचं निराळं. 'लोक आपलं आपण शिकतात' हे वाक्य मदत वाढवायलाही वापरता येतं आणि बंद करायलाही. टफ स्वतः पहिल्या बाजूचे होते. शिकणारे मदत शोधताना फार चाचपडतात, हे त्यांनी लिहून ठेवलंय.

पुढे 1982 मध्ये माणूस जाणूनबुजून स्वतःत बदल कसा घडवतो यावर त्यांचं पुस्तक आलं. तिथेही व्यावसायिक मदतनिसांचा वाटा छोटाच निघाला. नंतर ते भविष्याच्या अभ्यासाकडे वळले आणि तिथून थेट परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांकडे! 1990 च्या दशकात काही शास्त्रज्ञ आणि कलावंतांना बरोबर घेऊन त्यांनी इंटरनेटवर एक आमंत्रण ठेवलं: तुम्ही आमचं हे जाळं वाचत असाल, तर उत्तर द्या. काहींना हा विक्षिप्तपणा वाटतो. मला तो सलग वाटतो. आधी शेजाऱ्याला विचारणाऱ्या माणसाचा अभ्यास केला, मग स्वतःच जरा लांबच्या शेजाऱ्याला विचारून पाहिलं. आपली जुनी पुस्तकंही त्यांनी तशीच मोफत वाचायला इंटरनेटवर ठेवली होती.

इथे थांबतो. प्रश्नांआधी पाच मिनिटं घेऊ. तुम्हाला वाटलेल्या कागदावर टफ यांच्यासारखीच विषयांची यादी आहे. गेल्या वर्षातले आठवतील तेवढे उपक्रम त्यावर लिहा, आणि प्रत्येकापुढे कुणाला विचारलं होतं तेही.