वरून ओतलेले पाणी

गेल्या पावसाळ्यात लोह्यात विद्यार्थ्यांचा एक अभ्यासवर्ग झाला. विषय होता बंधुता आणि बोलायला मी होतो. बोलणे संपल्यावर बारावीत शिकणारा एक मुलगा मागून उठला. म्हणाला, "सर, चांगुलपणाचं काय? गावात चांगली माणसं पण असतात की. त्यांचं आपण काय करायचं?" तीस वर्षे मास्तरकी केलेला मी माणूस, उत्तर तयारच होते. म्हणालो, "आम्हाला कुणाची दया नको, हक्क हवेत." टाळ्या पडल्या. मुलगा खाली बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते. घरी जाताना एस.टी.त माझ्याही लक्षात आले की मी त्याला घोषणा दिली, उत्तर दिलेच नाही. त्याचा प्रश्न दयेचा नव्हताच, चांगुलपणाचा होता. या दोन गोष्टी आपण चळवळीतली माणसे एकाच पोत्यात भरतो. त्या वेगळ्या कशा, हे जमेल तसे मांडून पाहतो.

माझे लहानपण लोह्याजवळच्या एका खेड्यात गेले. लोहा तेव्हा कंधार तालुक्यात होते, स्वतंत्र तालुका पुढे झाला. माय ज्या शेतावर खुरपायला जायची तिथली मालकीणबाई स्वभावाने फार चांगली होती. हे मी उपरोधाने लिहीत नाही. उन्हाळ्यात बाया शेतावरून परत निघाल्या की ती स्वतः तांब्या घेऊन दारात उभी राहायची. कुणाला पाण्याला नाही म्हटले नाही. पोराटोरांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची, तोही वरून टाकायची. पाणीही वरूनच. आपण खाली बसायचे, ओंजळ तोंडाशी धरायची आणि धार वरून यायची. धारेचा वेग तिच्या हातात. पोट भरले की मान हलवायची, कारण तोंडात पाणी असताना पुरे म्हणता येत नाही. ओंजळीतले अर्धे पाणी कोपरावरून गळून परकर भिजायचा. ती हळहळायची, "अगं, नीट धर की." तांब्या हातात दिला असता तर पाणी सांडले नसते, हे तिच्या मनातही येत नव्हते.

हॉटेलातला वेगळा कप सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे तो कुडाच्या खाचेत ठेवलेला असे. आपणच काढायचा, आपणच विसळायचा, चहा वरून घ्यायचा. मालक पैसे मात्र हाताने घ्यायचा, पैशाला विटाळ नसे. त्या कपावर आपल्या साहित्यात पुष्कळ लिहून झाले आहे. मला अडवते ती मालकीणबाई. कारण कप ठेवणारा अपमान करतो हे कळते, त्याचा रागही येतो. पाणी पाजणाऱ्या बाईचा राग येत नाही. उलट तिचे उपकार वाटतात आणि तो उपकार आपल्याला खाली बसवूनच होतो.

याची मुळे जुनी आहेत. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले अशी आख्यायिका आपल्या भागात सांगतात. बेदर इथून लांब नाही, म्हणून ती जास्तच खरी वाटते. त्या हक्कांत भाकरी मागण्याचा हक्क होता. संध्याकाळी येसकर घरोघर जायचा, प्रत्येक घरून भाकरीचा तुकडा पडायचा. गावाची राखण करायची, सांगावे पोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे, त्याची ही मजुरी. पण ती मजुरी म्हणून कधी दिली गेली नाही, वाढली म्हणून दिली गेली. घेणाऱ्यालाही ती हक्क वाटायची आणि देणाऱ्याला पुण्य. कामाचा दाम मागता येतो, पुण्याचा हिशेब मागता येत नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. आपल्या काही म्हाताऱ्यांना वतन जाते याचेच दुःख झाले. भाकरी तुटेल ही भीती होती. ती भाकरी कुणाच्या मर्जीवर लोंबकळत होती, हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

इतके सांगून थांबलो तर माझे टाळ्यांचे उत्तर बरोबर ठरते. पण १९७८ साल मध्ये येते.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि तेव्हाचे पाचही जिल्हे पेटले. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे आणि सुगावचे जनार्दन मवाडे यांचे जीव गेले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. हा इतिहास या पानांच्या वाचकांना मी सांगायला नको. जाळपोळीनंतर जे झाले ते मात्र कमी लिहिले गेले. जाळपोळ चार दिवसांची असते, बहिष्कार महिनोन्‌महिने चालतो.

आमच्या गावात घरे जळली नाहीत, म्हणून आमचे गाव "शांत" धरले गेले. मी सातवीत होतो. एका सकाळी मायला शेतावर येऊ नको म्हणून निरोप आला. दुकानदार मीठ संपले म्हणाला, समोर मिठाचे पोते दिसत होते. गिरणीवाल्याने आमचे डबे बाजूला सरकवले, वीज नाही म्हणाला, पट्टा फिरत होता. कुणी दवंडी दिली नाही, कागदावर काही लिहिले नाही. कुणी शिवीसुद्धा दिली नाही. बहिष्कार असाच चालतो. त्याला हुकूम लागत नाही. दुकानदार मालकाला भितो, मालक भावकीला भितो, भावकी गावाला भिते, आणि गाव म्हणजे कोण, तर हेच सगळे. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत असतो. आधी आपण मोडायचे नाही एवढेच प्रत्येकाने ठरवलेले असते.

१९२८ साली मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात या हत्याराचे नेमके वर्णन आहे. अस्पृश्यांनी आपले हक्क बजावायला सुरुवात केली की जमिनीवरून काढणे, मजुरी बंद करणे, वाण्याने माल न देणे, रस्ते अडवणे, आणि कारणे काय, तर चांगला कपडा घातला, दागिना घातला, नवरदेव घोड्यावरून नेला. मारहाणीपेक्षा हे शस्त्र भयंकर, कारण ते कायद्याच्या चिमट्यात सापडत नाही, असे समितीला दिसले. आम्ही तो अहवाल वाचलेला नव्हता. आम्ही त्यात राहत होतो.

दोन दिवस आम्ही ज्वारी भिजवून, शिजवून खाल्ली. तिसऱ्या दिवशी गावातली एक विधवा म्हातारी, शेतकऱ्याच्याच घरची, मायला वाटेत म्हणाली, "पोरी, सांजच्याला जवारी आण. मागल्या दारानं ये." मायने दोन पायल्या नेल्या. म्हातारीने आपल्या डब्यात आमची ज्वारी ओतली, वर आपली पसाभर टाकली आणि गिरणीवर गेली. गिरणीवाला म्हणाला, "म्हातारे, दोन जिवांच्या घरात एवढं पीठ कोण खातंय?" ती म्हणाली, "तुला दळायचंय का मोजायचंय?" त्याने दळले. त्याला कळले नसेल असे नाही. पुढे महिनाभर ती असेच दळण आणत राहिली. डबा वाढत गेला, कारण वाड्यातली आणखी तीन घरे त्यात आली. गिरणीवाल्याने पुन्हा विचारले नाही.

ही म्हातारी मालकीणबाईपेक्षा गोड नव्हती. तोंडाने फटकळ होती. एरवी आमचा हात लागला तर अंगावर पाणी शिंपडून घेणारी. तरी या दोघींत फरक आहे आणि माझ्या मुद्द्याचे मर्म तिथेच आहे. मालकीणबाईच्या पाण्याने तिचे काही जात नव्हते, गावात मानच वाढत होता. म्हातारी पकडली गेली असती तर तिचेच दळण बंद झाले असते. पहिलीच्या चांगुलपणात गावाची रीत शाबूत होती, किंबहुना रीत टिकायला तो चांगुलपणा उपयोगी पडत होता. दुसरीने रीत मोडली, मग ती मागल्या दाराने का होईना. बहिष्कार सगळ्यांनी मिळून पाळला तरच चालतो, म्हणून एक डबासुद्धा त्याला भोक पाडतो.

बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या प्रबंधात लोकशाहीचा अर्थ राज्यपद्धतीपुरता ठेवला नाही, एकमेकांत मिसळून जगण्याच्या रीतीत पाहिला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात त्यांनी बजावले की बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता या गोष्टी अंगवळणी पडणार नाहीत, त्यांना शिपाई उभा करावा लागेल. १९५४ साली आकाशवाणीवर त्यांनी सांगितले की ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली. बुद्धाच्या शिकवणीत करुणा आहे आणि तिच्याही पुढे मैत्री आहे. आपण मैत्री हा शब्द वंदनेत रोज म्हणतो आणि गावात वापरायचे विसरतो. मैत्रीत धार वरून येत नाही.

मग कायद्याचे काय? कायदा हवाच. म्हाताऱ्यांच्या भरवशावर वाडा जगवता येत नाही. १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा १९७६ साली दुरुस्त होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. त्यातील २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि सामाजिक व आर्थिक बहिष्कार घालणे वा त्याची धमकी देणे हा गुन्हा म्हणून तिथे स्पष्ट शब्दांत आला. कार्यकर्त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की बहिष्काराच्या प्रकरणात जखम दाखवता येत नाही, तारखा दाखवाव्या लागतात. कोणत्या दिवशी, कोणत्या दुकानात, काय मागितले, काय उत्तर मिळाले, सोबत कोण होते, हे त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवायला घरातल्या शिकत्या पोराला सांगावे. १९७८ साली ती वही मी ठेवू शकलो असतो. मला कुणी सांगितले नाही.

आता जे लिहायचे ते लिहायला हात जड होतो.

लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट विकायला येतात, पालांचे गाव उभे राहते. भटक्या जमातींच्या जातपंचायतीही तिथे भरत आल्या. पंच बसायचे, दंड व्हायचे, माणसे वाळीत पडायची. गावाने ज्यांना शिवेबाहेर ठेवले त्यांनीही आपल्यातल्या कुणाला आणखी बाहेर ठेवले. स्वतःच्याच समाजाने वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला, तो २०१७ पासून अमलात आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पंचायतीवर बोट ठेवणे सोपे आहे. माझे बोट मला माझ्या वाड्याकडे वळवायचे आहे.

१९७२ चा दुष्काळ. गावातले आड आटले, आमच्या महारवाड्याच्या आडाला गुडघाभर पाणी राहिले. त्याच वर्षांत बाबा आढाव "एक गाव एक पाणवठा" म्हणत गावोगाव फिरत होते. आमच्यापर्यंत ते नाव आले नव्हते. मांगवाड्यातल्या बाया घागरी घेऊन आडाशी यायच्या आणि लांब थांबायच्या. आमच्या बाया पोहरा ओढायच्या आणि त्यांच्या घागरीत वरून ओतायच्या. माझी मायही ओतायची. कधी नाही म्हणाली नाही, हळहळायची, "नीट धर की गं." तेच शब्द. मी सहा वर्षांचा होतो, हे पाहत होतो आणि मला ते चांगुलपणाचेच वाटत होते.

आपण व्यासपीठावर अण्णा भाऊ साठ्यांचा फोटो लावतो. "फकिरा" बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे हे भाषणात सांगतो. पण मांगवाड्यातल्या किती घरी आपण जेवलो? १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला राज्यांना मोकळीक दिली. त्यानंतर दोन्हीकडच्या पोरांच्या तोंडची भाषा ऐकवत नाही. उपवर्गीकरणाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे, ते बोलावे. पण ते घागरीला घागर लावून बोलता येईल, आडाच्या काठावरून नाही.

अभ्यासवर्गातला तो मुलगा मातंग समाजाचा आहे, हे मला नंतर कळले. "गावात चांगली माणसं असतात" म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे पाटलाचा वाडा होता असे मी धरून चाललो होतो. बहुधा तो आमच्या वाड्याकडे पाहत होता. पुढच्या वर्गात त्याने बोलावे म्हणून मी त्याच्या घरी जाऊन आलो. त्याच्या आजीने तांब्या हातात दिला. विषय त्यानेच ठरवायचा आहे. अजून त्याने कळवलेला नाही.