जुना संच आणि नवी पेटी

घरातील एखादी वस्तू बिघडली म्हणजे निकामी होते, हे आपण समजू शकतो. पण काहीही न बिघडता, केवळ बाहेरचे जग बदलले म्हणून एखादी वस्तू मुकी व्हावी, हे मनाला पटत नाही. जुन्या दूरचित्रवाणी संचांची आज नेमकी हीच गत झाली आहे. बटण दाबले की पडदा उजळतो. पण चित्र उमटत नाही, नुसत्या मुंग्या दिसतात. 'आता हा भंगारात द्या', असा सल्ला शेजारी देतात. श्रोतेहो, तो सल्ला मानण्यापूर्वी थोडा विचार करावा, एवढ्यासाठीच हे चार शब्द.

बदलले काय, ते आधी पाहू. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे केंद्र निघाले आणि १९८२ साली पडद्यावर रंग आले. या सर्व काळात चित्रातील उजेड जसा कमीअधिक होई, तशी ते वाहून आणणारी लहरही कमीअधिक होई. नव्या पद्धतीत चित्र व ध्वनी यांचे आधी अंकांत रूपांतर करतात आणि ते अंक लहरींवरून धाडतात. ७ मेगाहर्ट्झ रुंदीच्या ज्या वाटेने पूर्वी एकच वाहिनी येई, त्याच वाटेने आता अनेक वाहिन्या येऊ शकतात. हा लाभ मोठा होता. म्हणून २०१२ साली दिल्ली-मुंबईपासून केबलवर अंकीय पद्धत सक्तीची होत गेली, आणि मार्च २०१७ अखेरची मुदत शेवटच्या टप्प्यास मिळाली. दूरदर्शननेही मार्च २०२२ अखेरपर्यंत, मोक्याची थोडी ठिकाणे वगळता, आपले जुन्या पद्धतीचे मनोरे बंद केले.

तेव्हा संच बहिरा झालेला नाही. त्याला नवी भाषा समजत नाही, इतकेच. सेट-टॉप बॉक्स म्हणून जी पेटी मिळते, ती या दोघांमधील दुभाषी होय. केबलवरून किंवा गच्चीवरील छत्रीवरून येणारे अंक ती वाचते आणि संचाला कळेल अशा रूपात त्याच्या स्वाधीन करते. तिची संचाशी गाठ घालून देणे, एवढेच आपले काम.

त्यासाठी प्रथम संचाची पाठ पाहावी. तेथे पिवळे, पांढरे व तांबडे अशी गोल भोके असतील, तर काम सोपे आहे. पेटीबरोबर आलेल्या तारेची टोके त्याच रंगांच्या भोकांत बसवावीत. पिवळ्या तारेतून चित्र जाते. उरलेल्या दोहोंतून डाव्या-उजव्या बाजूंचा ध्वनी. ध्वनीचे एकच भोक असेल, तर पांढरी तार लावावी आणि पेटीच्या मांडणीत 'मोनो' हा पर्याय निवडावा. नाहीतर अर्धा आवाज हरवतो. मग संचावर 'एव्ही' निवडले की चित्र दिसू लागेल. रंग उडाले किंवा चित्र सरकत राहिले, तर पेटीची मांडणी 'पाल' या पद्धतीवर आहे की नाही ते पाहावे. भारतातील संच त्याच पद्धतीचे असतात.

फार जुन्या संचाला मात्र अँटेनाचे एकच भोक असते. तेथे पेटी आणि संच यांच्यामध्ये मॉड्युलेटर नावाचे लहानसे यंत्र लागते. पेटीतून आलेले चित्र व ध्वनी ते एखाद्या जुन्या केंद्राप्रमाणे लहरीवर चढवते, आणि संचावर तेवढे एक केंद्र जुळवून ठेवावे लागते. हे यंत्र घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. एक, ते भारतीय पद्धतीचे आहे काय; कारण आपल्याकडे चित्र व ध्वनी यांच्या वाहक लहरींत ५.५ मेगाहर्ट्झचे अंतर असते, अमेरिकेत ४.५. चुकीचे यंत्र आणले, तर चित्र येऊनही आवाज नीट येत नाही. दुसरी, त्याची लहर व्हीएचएफ पट्ट्यातील आहे की यूएचएफ. कारण काही जुन्या संचांना दुसरा पट्टा मुळी लागतच नाही. घरात जुना व्हीसीआर चालू स्थितीत असेल, तर तोही मॉड्युलेटरचे काम करतो. संचाला चपटी, दुपदरी तार जोडण्याचे स्क्रू असतील, तर गोल तारेसाठी मध्ये जुळणीचा लहान ट्रान्सफॉर्मर बसवावा.

काही नव्या पेट्यांना फक्त एचडीएमआयची खाच असते. तेथे नुसती तार बदलून भागत नाही. अंकांचे जुन्या रूपात भाषांतर करणारा, स्वतंत्र वीज घेणारा कन्व्हर्टर लावावा लागतो.

आता सावधगिरीच्या गोष्टी. छत्रीकडून येणारी तार कधीही थेट संचाच्या अँटेनात खुपसू नये. त्या तारेने पेटी छत्रीवरील यंत्राला १३ किंवा १८ व्होल्टची वीज पुरवीत असते. शिवाय त्या लहरी संचाच्या आवाक्याबाहेरच्या असतात. सर्व जोडणी वीज बंद करून करावी. संचाचे मागचे झाकण तर काढूच नये. चित्रनलिकेत हजारो व्होल्टचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. 'आत एक तार जोडून देतो', असे म्हणणारा कारागीर भेटला, तरी सावध असावे. कित्येक जुन्या संचांत आतील धातूचा सांगाडा थेट घरच्या विजेशी जोडलेला असतो. त्याला बाहेरची पेटी जोडली, तर तिच्या अंगातही वीज उतरते. एका मॉड्युलेटरची किंमत वाचविण्यासाठी जिवाशी खेळ करू नये.

एवढे करूनही चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतील. तो दोष नव्हे. आजचे चित्र रुंद, म्हणजे १६ : ९ असते, आणि जुना पडदा ४ : ३ असतो. पेटीच्या मांडणीत पडदाभर चित्र करता येते. पण मग कडा कापल्या जातात, आणि बातम्यांच्या पट्टीतील अक्षरे बहुधा त्या कडांवरच असतात.

नवा संच घेणे ज्यांना परवडते, त्यांनी तो अवश्य घ्यावा. पण एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी सायंकाळी बोलणारा आवाज पुष्कळदा त्या जुन्या संचाचाच असतो. दूरदर्शनच्या फ्री डिश सेवेस मासिक वर्गणी नाही, आणि आपली सह्याद्री वाहिनी तीवर मिळते. त्यामुळे महाराष्ट्रापासून दूर असलेल्या मराठी घरातही छत्री, पेटी आणि जुना संच एवढ्यावर भागू शकते. शिवाय चित्रनलिकेच्या काचेत शिसे असते. ती उकिरड्यावर फुटण्यापेक्षा संच आणखी काही वर्षे कामी यावा, हे बरे. आणि तो खरोखरच संपला, तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावा. तोवर त्याची पाठ एकदा नीट पाहावी. उत्तर बहुधा तेथेच असते.