पोळ्याचा निबंध आणि तोरणाखालचा पोळा

श्रावणातली अमावस्या जवळ आली की शाळाशाळांत मातीचे बैल रंगतात आणि निबंध लिहिले जातात. त्यात एक गोष्ट हमखास येते : बाळकृष्णाने पोलासुराला मारले, म्हणून पोळा. गोष्ट छानच आहे. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या गावांत बैल तोरणाखाली उभे राहिले, की झडत्यांचा, म्हणजे पोळ्याला म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांचा, शेवट महादेव आणि गौरा-पार्वतीच्या नावाने होतो. त्या दिवशी बैल म्हणजे नंदी.

‘पोळा म्हणजे आपला थँक्सगिव्हिंग’ असेही हल्ली ऐकू येते. अमेरिकेतली 1621 सालची प्लिमथची मेजवानी पीक हाती आल्यावरची होती. लिंकनने 1863 मध्ये नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार आभाराचा दिवस म्हणून जाहीर केला, तो देवाचे आभार मानण्यासाठी. पोळ्याला मात्र सोयाबीन आणि कपाशी अजून शेतातच असते. पाऊस दगा देईल का, भाव काय मिळेल, काहीच ठाऊक नसते. तरी आदल्या संध्याकाळी जुवाने घासलेल्या खांद्यांना हळद आणि तूप लावून ते शेकले जातात. वखरणी, पेरणी, डवरणी होऊन गेली. आभार त्या कष्टांचे. वर्षभर पराणी टोचणारा हातच दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा घास भरवतो. हा विधी मुलांना समजावताना यात क्षमा मागणेही आहे, हे सांगायला हवे.

सरकारी शाळेत असला धार्मिक अर्थ शिकवताच येत नाही, ही शंका शिक्षकांच्या खोलीत निघतेच. राज्यघटनेच्या 28व्या कलमाने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धर्मशिक्षण द्यायला मनाई केली आहे. मात्र धर्मांविषयी माहिती देणे म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये अरुणा रॉय प्रकरणात स्पष्ट केले. वर्गात पूजा करायला लावणे वेगळे, आणि खांदे का शेकतात हे सांगणे वेगळे.

त्याच तिथीला पिठोरी अमावस्याही असते. लेकरांसाठी आया चौसष्ट योगिनींची पूजा करतात. निबंधात तिला सहसा एक ओळही मिळत नाही.

आणि पोळा नुसता बैलांचाही नसतो. तोरण तुटले की गडी बैल घेऊन दारोदार फिरतो. घरची बाई बैलांचे पाय धुते, ओवाळते, आणि गड्याच्या हातावर बोजारा म्हणून पैसे ठेवते. ज्या घरी आता ट्रॅक्टर आहे, तिथेही मातीच्या जोडीला नैवेद्य दाखवला जातो. बोजाऱ्याला मात्र तिथे कुणी उरलेले नसते.